मेंदूतले कुलूप आणि गोळीची मालकी

अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाचे झटके औषधांना दाद देत नाहीत. ग्लासगो येथील पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली ५२५ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतले ६३ टक्के झटकेमुक्त झाले होते. त्याच केंद्रातील १,७९५ रुग्णांची माहिती २०१८ मध्ये मांडली गेली, तेव्हा हे प्रमाण ६३.७ टक्के भरले. मधल्या काळात अनेक नवी औषधे बाजारात आली, त्यांतल्या काहींचे दुष्परिणाम जुन्यांपेक्षा कमी होते, गरोदर स्त्रियांसाठी काही निश्चितच अधिक सुरक्षित होती. पण औषधांनी ज्यांचे भागत नाही त्यांची संख्या मात्र जवळजवळ होती तिथेच राहिली. त्याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट दिसली, ती अशी की पहिल्या दोन औषधांनी झटके थांबले नाहीत तर तिसऱ्याने किंवा चौथ्याने ते थांबण्याची शक्यता फार कमी असते. म्हणूनच नीट निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली की त्या अपस्माराला औषधरोधी म्हणावे, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये स्वीकारली.

या रुग्णांसाठी प्रयोगशाळेतून एखादी सर्वस्वी वेगळी कल्पना पुढे आली, तर तिचे काय करायचे हे केवळ मेंदूशास्त्रज्ञांनी ठरवण्याचे काम नाही. केमोजेनेटिक्स, म्हणजे मेंदूतल्या ठरावीक पेशींत जनुक घालून त्या गोळीच्या हुकमतीखाली आणणे, ही तशी कल्पना आहे. तिच्याविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले-बोलले जाते ते एकतर चमत्काराच्या सुरात असते, नाहीतर ‘आपल्याला परवडणार नाही’ या एका वाक्यात संपते. मला दोन्ही भूमिका आळशी वाटतात. भारताने या संशोधनात सार्वजनिक पैसा घालावा, या मताचा मी आहे. मात्र ज्या गोळीच्या आधारावर हा उपचार उभा राहणार आहे ती गोळी कोणा एका कंपनीच्या मालकीची नसावी, ही अट पहिल्याच दिवशी घातली पाहिजे. अट इतकी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी आधी ही पद्धत कशी चालते ते थोडे सविस्तर पाहावे लागेल.

मेंदूतल्या पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या रसायनांना ओळखणारे ग्राही असतात. एखादे रसायन आपल्या ग्राहीला चिकटले की पेशी उत्तेजित होते किंवा शांत होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ब्रायन रॉथ यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये अशाच एका मानवी ग्राहीच्या घडणीत दोन ठिकाणी बदल केले. एरवी हा ग्राही शरीरातल्या ॲसिटिलकोलीनला प्रतिसाद देतो. बदललेल्या ग्राहीने ॲसिटिलकोलीनला ओळख देणे सोडले आणि क्लोझापिन-एन-ऑक्साइड नावाच्या, एरवी निष्क्रिय मानल्या जाणाऱ्या रसायनाला तो प्रतिसाद देऊ लागला. म्हणजे शरीरातली कोणतीच किल्ली न लागणारे एक कुलूप तयार झाले आणि त्याची किल्ली बाहेरून, गोळीच्या रूपाने, देण्याची सोय झाली. या कुटुंबातील ग्राहींना संशोधक ‘ड्रेड’ म्हणतात. त्यांतला एक प्रकार पेशीला शांत करणारा आहे. तो कार्यान्वित झाला की पेशीतून पोटॅशियम बाहेर जाण्याचे मार्ग उघडतात, पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही आणि तिच्या टोकाशी होणारा संदेशरसायनांचा स्रावही घटतो.

हे कुलूप मेंदूत बसवायचे कसे? त्यासाठी ग्राहीचे जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत घालतात आणि कवटीला छोटे छिद्र पाडून, बारीक सुईने, ज्या भागातून झटके सुरू होतात नेमक्या त्याच भागात सोडतात. जनुकापुढे असा नियंत्रक जोडता येतो की ते फक्त उत्तेजक पेशींमध्येच वाचले जावे. शेजारचा मेंदू जसाच्या तसा राहतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील दिमित्री कुलमन, मॅथ्यू वॉकर, स्टेफनी शोर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उंदरांवर हेच करून दाखवले. मेंदूतल्या, शरीराच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या भागात हा ग्राही बसवलेल्या उंदरांना त्यांनी झटके आणणारी दोन वेगवेगळी रसायने दिली; किल्लीचे औषध टोचल्यावर झटक्यांचा जोर कमी झाला. धनुर्वाताच्या विषाने निर्माण केलेल्या दीर्घकालीन अपस्मारातही, जो माणसाच्या आजाराशी अधिक मिळताजुळता असतो, परिणाम टिकला. औषधाचा अंमल ओसरला की पेशी पूर्ववत झाल्या. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी मकाक माकडांच्या मेंदूत मुद्दाम निर्माण केलेले झटके याच मार्गाने आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले. उंदराच्या मेंदूवरून थेट माणसावर उडी मारण्यापेक्षा ही पायरी फार महत्त्वाची आहे, कारण माणसाचा मेंदू उंदराच्या मेंदूपेक्षा किती तरी मोठा असतो आणि विषाणू सुईच्या टोकापासून काही मिलिमीटरच पसरतो.

पण कथा इतकी सरळ नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेतील गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की ज्याला आपण निष्क्रिय किल्ली समजत होतो ते क्लोझापिन-एन-ऑक्साइड मेंदूत फारसे पोहोचतच नाही. शरीरात त्याच्या काही अंशाचे क्लोझापिन होते आणि कुलूप उघडते ते क्लोझापिन. आता क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे जुने आणि प्रभावी औषध आहे, पण त्याने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या मृत्यूंनंतर ते बऱ्याच ठिकाणी मागे घेतले गेले आणि अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती रक्ततपासणीच्या सक्तीसह. त्याचा दुसरा ज्ञात दुष्परिणाम म्हणजे, मात्रा वाढली की फिट येणे. अपस्माराच्या उपचाराची किल्ली म्हणून पुढे आलेले औषध स्वतःच झटके आणू शकणारे निघावे, ही नियतीने केलेली थट्टाच म्हटली पाहिजे. अर्थात इथे लागणारी मात्रा मनोविकारासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळच कमी असते, त्यामुळे हा शोध त्या पद्धतीच्या मुळावर आला नाही. पण नव्या किल्लीचा शोध मात्र त्यामुळे सुरू झाला.

त्या शोधातून दोन वेगळ्या वाटा फुटल्या आणि माझ्या मते या विषयातला सार्वजनिक प्रश्न नेमका या फाट्यावर उभा आहे. एक वाट नव्या, खास या कामासाठी पारखून घेतलेल्या रेणूंची. डेसक्लोरोक्लोझापिन हे त्यांतले ठळक नाव. २०२० मध्ये जपानी गटाने ते अतिशय कमी मात्रेत आणि अधिक नेमकेपणाने काम करते असे दाखवले आणि माकडांवरच्या प्रयोगातही तेच वापरले गेले. शास्त्रीयदृष्ट्या ते सरस आहे, पण माणसासाठी मान्यताप्राप्त औषध म्हणून त्याचा इतिहास नाही. दुसरी वाट आधीपासून माणसे घेत असलेल्या औषधांची. लंडनच्याच गटाने २०१९ मध्ये असे सांगितले की ओलान्झापिन हे जुने मनोविकारविरोधी औषध शांत करणाऱ्या ग्राहीला चांगले कार्यान्वित करते आणि त्यामुळे ही पद्धत माणसांपर्यंत नेणे सोपे होऊ शकते. त्याच वर्षी स्कॉट स्टर्नसन यांच्या गटाने वेगळ्या घडणीचे ग्राही तयार केले, जे धूम्रपान सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या व्हॅरेनिक्लिनला अत्यल्प मात्रेत प्रतिसाद देतात. ओलान्झापिन आज भारतात कितीतरी कंपन्या बनवतात आणि तालुक्याच्या औषध दुकानात ते सहज मिळते. त्याने वजन वाढते, रक्तातली साखर वाढू शकते, गुंगी येते. हे दोष लपवण्यासारखे नाहीत. तरीही माणसांत ते दशकानुदशके वापरले गेले आहे, त्याचे वागणे डॉक्टरांना तोंडपाठ आहे, आणि त्यावर कोणाची मक्तेदारी उरलेली नाही.

इथे एक गैरसमज बाजूला सारणे आवश्यक आहे. केमोजेनेटिक्सविषयीच्या बातम्यांत हा उपचार ‘हवा तेव्हा’ वापरता येणारा म्हणून सांगितला जातो, आणि वाचणाऱ्याच्या मनात असे चित्र उभे राहते की फिट येऊ लागली की गोळी घ्यायची आणि ती थांबवायची. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप संपतात. पोटात गेलेली गोळी मेंदूपर्यंत पोहोचायला त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि झटक्यात शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालणे तर धोक्याचेच असते. ज्यांना झटके गुच्छाने येतात, किंवा ज्या स्त्रियांना ते मासिक पाळीच्या ठरावीक दिवसांत वाढतात, त्यांच्या बाबतीत ‘हवा तेव्हा’ याला काही अर्थ आहे. इतरांसाठी ही रोजची, वर्षानुवर्षांची गोळीच असणार. रोज किल्ली फिरवत राहिल्यास काही वर्षांनी कुलूप सैल पडते का, हा प्रश्नही प्राण्यांवरच्या काही आठवड्यांच्या प्रयोगांतून सुटत नाही.

मग हा सगळा खटाटोप कशाला, साधी शस्त्रक्रिया का नको, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. कानशिलामागच्या भागातून उगम पावणाऱ्या अपस्मारात दूषित भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया हा आजही सर्वांत प्रभावी उपाय आहे. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, तर केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९५ पासून ही शस्त्रक्रिया भारतात, भारतीय खर्चात, नियमितपणे करून दाखवली आहे. ज्यांना ही शस्त्रक्रिया होऊ शकते त्यांना आधी तीच सुचवली गेली पाहिजे. केमोजेनेटिक्सचा खरा उपयोग आहे तो ज्यांचा दूषित भाग बोलण्याच्या, हाताच्या किंवा स्मृतीच्या केंद्रात रुतलेला आहे त्यांच्यासाठी. तिथे सर्जनची सुरी चालवता येत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलाइसन या तरुणाच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे भाग झटके थांबवण्यासाठी काढले गेले. झटके बरेच कमी झाले, पण नवे काही लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता कायमची गेली आणि २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती परत आली नाही. कापलेले परत जोडता येत नाही. गोळी मात्र बंद करता येते.

याच कारणासाठी मला एका प्रतिस्पर्धी कल्पनेविषयी थोडे सावध राहावेसे वाटते. लंडनच्या त्याच गटाने २०१८ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये असा ग्राही मांडला की त्याला बाहेरची गोळीच लागत नाही. ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाची पातळी झटक्याच्या वेळी वाढली की तो आपणहून उघडतो आणि पेशीला शांत करतो. २०२२ मध्ये त्यांनी अतिउत्तेजित झालेल्या पेशीतच जागे होणारे जनुक वापरून आणखी एक पुढचे पाऊल टाकले. गोळी नाही, विसरणे नाही, पुरवठा नाही. ज्या देशात औषधांचा पुरवठा हीच दुखरी नस आहे, तिथे हे आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे आणि कदाचित वीस वर्षांनी हीच पद्धत जिंकेल. पण पहिल्या माणसांवर प्रयोग करताना, काही बिघडले तर बंद करण्याची सोय असणे ही चैनीची गोष्ट नव्हे. मेंदूत एकदा सोडलेले जनुक परत काढता येत नाही. गोळीवर चालणाऱ्या पद्धतीत जनुक राहिले तरी ते निद्रिस्त ठेवता येते. स्वयंचलित पद्धतीत तेवढाही ताबा राहत नाही.

आता ‘आधी मूलभूत सोयी, मग जनुकांच्या गप्पा’ या आक्षेपाकडे येतो, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यांतले जवळपास ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात किंवा तालुक्याला भरलेल्या अपस्मार शिबिरात तासभर बसले की ही आकडेवारी कशातून बनते ते दिसते. आई प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्धवट रिकाम्या पट्ट्या टेबलावर ओतते. त्यांत व्हॅल्प्रोएट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असते आणि फेनिटॉइनची पट्टी मुदत उलटून गेलेली असते. घडी करून आणलेल्या कॅलेंडरच्या पानांवर फिट आलेल्या तारखांना लाल गोल केलेले असतात, दोनदा आली तिथे दोन गोल. डॉक्टर एका महिन्यात एकदम वाढलेल्या गोलांवर बोट ठेवतात, तेव्हा उत्तर येते: गोळ्या संपल्या होत्या, सोयाबीनची काढणी होती, यायला जमले नाही. शेजारच्या खुर्चीवर फिट आलेल्या माणसाच्या हातात अजूनही कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा देते, कांदा किंवा चप्पल नाकाला लावते. अशा ठिकाणी विषाणूवाहक जनुकांची भाषा परग्रहावरची वाटेल, हे मान्य.

तरीही हा आक्षेप दोन वेगळ्या माणसांना एक समजतो. काढणीमुळे ज्याच्या गोळ्या खंडित झाल्या त्याला पाच-दहा रुपयांची गोळी वेळेवर पोहोचवणे हाच उपचार आहे; त्याला केमोजेनेटिक्स नको आहे आणि ते द्यायचेही नाही. पण ज्याच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत आणि तरीही कॅलेंडरवर गोल आहेत, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्र कितीही सुधारले तरी काही मिळणार नाही. भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीहून अधिक असल्याचा अंदाज आहे. त्यांच्या एक-तृतीयांश म्हणजे लाखो माणसे या दुसऱ्या गटात मोडतात. पहिल्या गटाच्या नावाने दुसऱ्या गटाला थांबवून ठेवणे हा न्याय नव्हे. शिवाय दोन्ही कामांना लागणारी माणसे आणि पैसे यांची ओढाताण वाटते तितकी नसते: गोळ्या पोहोचवणे हे राज्य सरकारच्या खरेदीव्यवस्थेचे काम, आणि जनुकीय संशोधन हे जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानाचे. एक बंद केल्याने दुसरे आपोआप सुरू होईल, असा अनुभव निदान आपल्या देशात तरी नाही. डुकरांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीमुळे मेंदूत गाठी होऊन येणारा अपस्मार तर शौचालये आणि मांसतपासणी यांनी टळणारा आहे. तो टाळण्याचे काम कोणत्याही प्रयोगशाळेने अडवलेले नाही.

परवडण्याचा प्रश्न मात्र मी सोडून देणार नाही, कारण इथेच किल्लीची मालकी आडवी येते. काही वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यातल्या तान्ह्या बाळांच्या स्नायुविकारासाठी सोळा कोटींच्या एका जनुकीय इंजेक्शनाची लोकवर्गणी आपण पाहिली. त्या इंजेक्शनाची किंमत अवाढव्य होती, पण ती एकदाच द्यायची होती. केमोजेनेटिक उपचारात शस्त्रक्रिया आणि जनुक यांचा खर्च एकदाच येतो, पण किल्ली आयुष्यभर विकत घ्यावी लागते. ज्या कंपनीकडे नव्या किल्लीचे पेटंट आहे, तिच्या हाती अशा रुग्णांचा गट येतो ज्यांच्या मेंदूत तिचे कुलूप आधीच बसवलेले आहे आणि ज्यांना दुसऱ्या दुकानात जाताच येत नाही. मधुमेही माणूस एका कंपनीचे इन्शुलिन महाग झाले तर दुसऱ्या कंपनीचे घेऊ शकतो. इथे तसा पर्याय राहणार नाही.

कंपनीचा लोभ ही एक भीती झाली. कंपनीच नाहीशी होणे ही दुसरी, आणि ती कल्पित नाही. अमेरिकेच्या सेकंड साइट या कंपनीने दृष्टिहीनांच्या डोळ्यांत बसवण्याचे आर्गस नावाचे उपकरण विकले. जगभरात ३५० हून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. कंपनीने त्या उपकरणाचे उत्पादन व आधार थांबवला, तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत ते होते त्यांना दुरुस्तीला जायला जागा उरली नाही. मेंदूतले ग्राही यंत्रासारखे मोडत नाहीत, हे खरे. पण त्यांना जागे ठेवणारा रेणू बनवणारा एकच कारखाना असेल आणि तो बंद पडला, तर रुग्णाचे झटके परत येतील, कदाचित एकदम, जसे कोणतेही अपस्मारविरोधी औषध अचानक थांबल्यावर येतात. पाच मिनिटांच्या पुढे चालणारा झटका जिवावर बेतू शकतो, हे सांगायला नको.

भारताचा कायदा या बाबतीत अर्धा आपल्या बाजूने आहे आणि अर्धा नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग शोधला म्हणून पेटंट मिळत नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात याच कलमाचा आधार घेतला. म्हणजे ओलान्झापिन अपस्माराची किल्ली ठरली, तरी त्या वापरावर इथे कोणी मक्तेदारी सांगू शकणार नाही. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांमधला नियम २७ चाचणी संपल्यावर औषध फुकट पुरवण्याची जबाबदारी प्रायोजकावर टाकतो खरा, पण ज्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नाही अशाच बाबतीत, आणि तेही चाचणीनंतरच्या वापराची जबाबदारी प्रायोजकावर राहणार नाही असे रुग्णाने लिहून दिल्यावर. अपस्मारावर ‘दुसरा उपचार’ नेहमीच असतो. पंधरावी गोळी तरी असतेच. ती लागू पडत नाही, हे रुग्णाला माहीत असले तरी प्रायोजकाच्या वकिलाला ते मान्य करण्याचे कारण नाही. ज्याच्या मेंदूत जनुक कायमचे राहणार आहे, त्याच्यासाठी ही पळवाट भयंकर आहे. सामान्य औषधाची चाचणी संपली की रुग्ण जुन्या गोळ्यांवर परततो आणि चाचणीपूर्वी होता तसाच उरतो. इथे तो तसा उरत नाही.

भारताला हे जमेल का, हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी विचारला असता तर उत्तर देताना चाचरावे लागले असते. आता तसे नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात तो रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिला जाऊ लागला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तीव्र हिमोफिलिया असलेल्या पाच जणांवर केलेल्या जनुकीय उपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुकीय उपचारांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून आहेत. आणि जेनेरिक गोळी बनवण्यात तर आपला हात धरणारे थोडेच. परदेशी प्रयोगशाळांना नवा रेणू शोधण्यात रस असणे साहजिक आहे, कारण पेटंट त्यातच असते; जुन्या, पेटंट संपलेल्या औषधांपैकी कोणते कमी मात्रेत, कमी दुष्परिणामांत ही किल्ली होऊ शकते याचा चिवट शोध घेण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नाही. बाजार जे करणार नाही ते सार्वजनिक पैशाने करायचे असते, आणि हे काम तसेच आहे. ओलान्झापिनने रुग्णाचे वजन पंधरा किलोंनी वाढणार असेल तर ते मला पुरेसे नाही. पण त्याहून चांगली जुनी गोळी कुठेतरी फडताळात पडलेली नाही, असे शोधल्याशिवाय म्हणता येणार नाही.

आणखी एका बाबतीत इथली परिस्थिती वेगळी आहे, आणि ती चाचणीत कोण सामील होईल याच्याशी जोडलेली आहे. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण होते. कायदा बदलला, घरांतली भीती तितक्या लवकर बदलली नाही. मुलीला फिट येते हे सोयरीक जमेपर्यंत लपवायचे, गोळ्यांच्या पट्ट्या वेष्टन काढून डबीत ठेवायच्या, हे आजही चालते. अशा घरातल्या बावीस वर्षांच्या मुलीसमोर ‘मेंदूत एकदा सुई घ्यायची आणि मग बरे व्हायचे’ असा पर्याय ठेवला, तर संमतीची सही तिची असेल, निर्णय तिचा असेलच असे नाही. तिला हेही सांगितले पाहिजे की शस्त्रक्रियेची तपासणी आधी झाली आहे का, गोळी आयुष्यभर लागेल, गरोदरपणात ती चालेल की नाही याचे उत्तर आज नाही, आणि विषाणूविरुद्ध शरीराने एकदा प्रतिकार उभा केला की पुढे याच जातीच्या विषाणूवर चालणारा अधिक चांगला उपचार तिला कदाचित घेता येणार नाही. ही माहिती वीस पानी इंग्रजी पत्रकाच्या सतराव्या पानावर असून भागणार नाही. ती मराठीत, तोंडी, आईवडिलांना बाहेर बसवून द्यावी लागेल.

म्हणून अशी चाचणी भारतात प्रस्तावित होईल तेव्हा, आणि ती आज ना उद्या होईल, नैतिकता समितीने दोन गोष्टींवर अडून राहावे. एक, किल्लीचे औषध असे असावे की किमान तीन स्वतंत्र उत्पादक ते भारतात बनवत आहेत किंवा बनवायला मोकळे आहेत. दोन, संमतिपत्रकात एक रकाना असावा: ‘प्रायोजक संस्था बंद पडल्यास अथवा प्रकल्प सोडल्यास हे औषध व त्यासोबतची देखरेख पुढे कोण पुरवणार?’ त्यापुढे एखाद्या सार्वजनिक संस्थेचे नाव, पद आणि जबाबदार अधिकाऱ्याची स्वाक्षरी हवी. रकाना कोरा असेल, तर विज्ञान कितीही चोख असले तरी प्रस्ताव परत पाठवावा.